रोजच्या जेवणाची प्रतिष्ठा

खानदेशाच्या पाककौशल्याची ख्याती आज महाराष्ट्रभर पसरली असली, तरी ती ज्या पदार्थांवर उभी आहे ते बहुतांशी प्रसंगाचे आहेत, नित्याचे नव्हेत. खापरावरचे मांडे सणाला, वरण-बट्टी पंगतीला, बामणोदच्या वांग्यांचे भरीत हिवाळ्यातील शेतावरच्या मेजवानीला; आणि मुंबई-आग्रा महामार्गावरील ढाब्यांनी त्यात भर घातली ती तर्रीने लाल झालेल्या शेवभाजीची. परंतु ज्या अन्नावर येथील घर वर्षभर चालते, ती कळण्याची भाकरी, कढीबरोबरचे फुणके, डुबुकवडे, घोटलेली पालेभाजी आणि ताटाच्या कडेचा ठेचा, हे उंबरठ्याबाहेर सहजासहजी मिळत नाही. आणि त्याची निकड तर त्यालाच अधिक, जो साक्री-शिरपूरकडील आपले घर सोडून विद्यार्जनासाठी, हमालीसाठी किंवा कोर्टकचेरीच्या कामासाठी धुळ्यात मुक्कामाला आलेला असतो.

या बाबतीत जपानचे उदाहरण विचारार्ह आहे. 2013 साली युनेस्कोने जपानी आहारपरंपरेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला, तेव्हा जगाच्या डोळ्यांपुढे सुशीची नाजूक मांडणी आली असेल. पण त्या देशातील सामान्य कारकून वा विद्यार्थी दुपारी जेथे जेवतो, त्या गल्लीतल्या साध्या शोकुदोत, म्हणजे भोजनगृहात, वाटीभर भात, मिसोचे सार, भाजलेला बांगडा किंवा मांस-बटाट्याचा गोडसर रस्सा, एखादी शिजवलेली भाजी आणि लोणचे, एवढाच घरगुती बेत एका तबकात माफक दराने पुढे येतो. 1918 साली तांदळाच्या महागाईने तेथे दंगली उसळल्या, तेव्हापासून पुढील काही वर्षांत ओसाका व टोकियो येथील नगरसंस्थांनी स्वस्त सार्वजनिक भोजनगृहे उघडली. कष्टकऱ्याचे रोजचे जेवण हा नगरप्रशासनाच्या चिंतेचा विषय आहे, हे त्यांनी त्या काळीच मान्य केले होते.

आपल्याकडे हे कार्य खानावळींनी केले, आणि तेही कोणाच्या हुकुमाची वाट न पाहता. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो कामगारांना दोन वेळचे गावाकडचे जेवण देणाऱ्या स्त्रिया किराणा भरण्यासाठी सावकाराच्या दारी जात आणि व्याजात बुडत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे या श्रमाला व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली.

सरकारने मात्र खानावळीऐवजी योजनेचा मार्ग पत्करला. 1995 नंतरची एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे टिकली नाहीत. 26 जानेवारी 2020 रोजी सुरू झालेल्या शिवभोजन थाळीने दहा रुपयांत अनेकांची भूक भागवली, हे निःसंशय उपकारक होय. तथापि दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात हा बेत मुंबईत ठरतो, आणि म्हणून रत्नागिरीच्या भातखाऊला व धुळ्याच्या भाकरीखाऊला एकाच मापाचे ताट वाढले जाते. अनुदानाने पोट भरते. रुची मात्र स्वयंपाक करणारीच्या हाती राहिली पाहिजे.

घरचे अन्न विक्रीस निघाले की घराचे महत्त्व उणावते, असा आक्षेप काही सोवळे गृहस्थ घेतील. वस्तुस्थिती उलट आहे. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद एकत्र दळून आणण्याचा खटाटोप, फुणक्यांसाठी डाळ भिजवून वाटण्याची दगदग, हे लहान कुटुंबांतून क्रमशः हद्दपार होत आहे. ज्या पदार्थाला रोज मागणी असते तोच हातात राहतो, आणि अशी मागणी खानावळच निर्माण करू शकते.

यास्तव धुळे महानगरपालिकेने आपल्या व्यापारी संकुलांतील व बसस्थानकाच्या परिसरातील काही गाळे घरगुती खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांसाठी राखून ठेवण्याचा ठराव करावा, भाडेपट्टा दीर्घ मुदतीचा व दर माफक असावा, परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागू नयेत आणि बँकांनी खेळत्या भांडवलाची तरतूद करावी. अट एकच घालावी: ताटात काय असावे हे त्या स्त्रियांनी ठरवावे, दप्तराने नव्हे. ज्या नगराला परगावच्या विद्यार्थ्याची फी आणि हमालाची पाठ हवी आहे, त्याने त्यांच्या दोन वेळच्या भाकरीकडे दयाधर्म म्हणून न पाहता आपल्या जबाबदारीचा भाग म्हणून पाहावे, हेच न्याय्य होय.