जुना लॅपटॉप टाकू नका

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. तेव्हापासून रत्नागिरीत गावी राहून पुण्या-मुंबईचं काम करणाऱ्या पोरांना एकच सल्ला ऐकू येतो: विंडोज ११ चालत नसेल, तर लॅपटॉप बदला. हा सल्ला मला साफ अमान्य आहे. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर या विंडोज ११च्या अटींत न बसणारी कितीतरी यंत्रं अजून धडधाकट आहेत.

या पोरांचं काम असतं कुठे? मेल, हिशेबाचे तक्ते, मीटिंगा, ग्राहकांच्या तक्रारी, सगळं ब्राउझरमध्ये उघडतं. फाइल दूरच्या सर्व्हरवर पडलेली असते. आपल्याकडे विंडोज आहे की लिनक्स, याचं तिला सोयरसुतक नाही. श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्टाविना अगम्य खुणा होऊन उघडायचा, ते दुखणंही युनिकोडने घालवलं. लिनक्स मिंट फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याला येत राहतात. टॅलीवर बसणारा हिशेबनीस किंवा डिजिटल सहीचं टोकन लावून टेंडर भरणारा कंत्राटदार यांनी खुशाल विंडोज ठेवावं.

‘सगळं क्लाउडवर ठेवलं की किल्ली परक्याच्या हाती’, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. जुलै २०२५मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. पण टेबलावर नवं विंडोज असून तिथे काय उपयोग झाला असता? मेलच बंद होता. यावर इलाज एकच, महत्त्वाच्या फाइलींची प्रत आपल्या हार्ड डिस्कवर ठेवायची. ती जुन्या लॅपटॉपवरही राहते.

कोकणात काम अडतं ते वेगळ्याच जागी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात विजेचे खांब आडवे केले, तेव्हा लॉकडाउनमुळे गावी आलेले चाकरमानी घरीच होते. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं. वादळाचं सोडा, आषाढात तारेवर एक फांदी पडली तरी लाइट जाते आणि राउटर विझतो. नव्या लॅपटॉपसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून आधी इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या, राउटर त्यावर जोडा. फायबरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा, आणि त्याला रेंज पडवीत मिळते की माळ्यावर, ते पावसाआधीच बघून घ्या.