जे नाही त्याचा माग

गेले दोन महिने आमच्या वाचनात दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत आहेत. रात्री रहस्यकथा आणि सकाळी पक्षी, प्राणी व अरण्ये यांविषयीचे ग्रंथ, असा आमचा क्रम ठरून गेला आहे. एकीकडे खून, दुसरीकडे कोकीळ. हे दोन्ही एकाच वाचकाला कसे रुचते, असे आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारले. त्या प्रश्नाचा विचार करता जे हाती लागले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रहस्यकथेशी मराठी घरांचे नाते जुने आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचे झुंजार व काळा पहाड आमच्या पिढीतील कित्येकांनी पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचले. आम्हां माळव्यातल्या मराठी मंडळींना हिंदीही घरचीच. त्यामुळे शरदिंदु बंदोपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षी आम्ही या खेपेस हिंदी अनुवादातून वाचला. हे बंगाली लेखक १९५२ पासून पुण्यास राहत होते. त्यांचा ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. हा शब्द आम्हांस फार आवडला.

पण ज्या कथेपाशी आम्ही थबकलो, ती आर्थर कॉनन डॉइल यांची. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत शर्यतीचा एक घोडा रात्रीतून नाहीसा होतो. पागेत राखणीचा कुत्रा आहे, पण त्या रात्री तो भुंकलेला नाही. इतरांना यात काहीच विशेष वाटत नाही. शेरलॉक होम्सला मात्र हाच मुख्य धागा वाटतो. कुत्रा गप्प राहिला, त्या अर्थी आलेला मनुष्य त्याच्या ओळखीचा होता! जे घडले ते सर्वांनीच पाहिले होते. जे घडायला हवे होते आणि घडले नाही, ते एकट्या होम्सने पाहिले.

ही कथा मनात घोळत असतानाच सकाळच्या वाचनात गिधाडांची हकीकत आली, आणि आमचे दोन प्रवाह तेथे एक झाले.

आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की घटकाभरात आकाशात घिरट्या सुरू होत. त्या पक्ष्याविषयी कोणालाच प्रेम नव्हते. म्हणूनच तो दिसेनासा झाला तेव्हा घरोघरी कोणी हळहळले नाही. कुत्रा भुंकला नव्हता, पण ऐकणारेच कोणी नव्हते. भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात मात्र विभु प्रकाश नावाचे पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८०च्या दशकात तेथील गिधाडांची मोजदाद केली होती. पुढच्या दशकात ते पुन्हा मोजू लागले, तेव्हा घरटी ओस पडत चालल्याचे त्यांना आढळले. पुढे देशभर पाहणी झाली आणि पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा ९५ हून अधिक नाहीशी झाल्याचे उघड झाले.

मग सुरू झाला तो कोणत्याही कादंबरीला शोभेल असा तपास. संशयित अनेक होते: एखादा नवा रोग, कीटकनाशके, अन्नाची टंचाई. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर, एवढाच पुरावा होता. २००४ साली लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील संशोधनातून गुन्हेगार शोधून काढला. तो होता डायक्लोफिनॅक, गुरांच्या वेदना शमविण्यासाठी दिले जाणारे साधे औषध! उपचारानंतर लवकरच मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई. एका जनावरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरत असल्यामुळे शंभरात एखादे जनावर तसे असले, तरी जातीच्या जाती संपुष्टात येण्यास ते पुरेसे होते.

यात खलनायक कोणी नाही. शेतकऱ्याने आपल्या गाईची पीडा कमी करू पाहिली, एवढेच. रहस्यकथेत हेतू सापडला की गुन्हा सापडतो. येथे हेतू दयेचा आणि परिणाम संहाराचा. रहस्यकथा गुन्हेगाराचे नाव कळताच संपते, निसर्गाची कथा तेथून पुढे सुरू होते. २००६ साली भारतात हे औषध जनावरांसाठी वापरण्यास बंदी झाली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना टोचले जातच राहिले, म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांचे आकारमानही मर्यादित करावे लागले. हरियाणातील पिंजोर येथे आणि आपल्या भोपाळनजीक केरवा येथे गिधाडांची पैदास केंद्रे आहेत. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. तेव्हा जे थोड्या वर्षांत गेले, ते परत यायला किती काळ लागेल याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आमच्या मते या सर्वाचे सार असे, की काय नाहीसे झाले हे ओळखण्यासाठी आधी काय होते हे ठाऊक असावे लागते. आणि ठाऊक असण्याची पहिली पायरी म्हणजे नाव. जून २०२५ मध्ये निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी आयुष्याचा मोठा भाग वनखात्यात घालविला आणि ‘पक्षिकोश’ रचून नावांचे धन आपल्या हाती ठेवले. आम्हां महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना त्याचे मोल अधिक. आमची नातवंडे अंगणातल्या काळ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या पाखराला शाळेत शिकलेल्या इंग्रजी नावाने ओळखतात. शेजारी त्याला भुजंगा म्हणतात. आणि आजीचा कोतवाल मात्र आजीबरोबरच जातो. नावच नसेल, तर ते पाखरू यायचे थांबल्याचे मुलांना कोण सांगणार?

म्हणून आमची विनंती अशी, की रहस्यकथा खुशाल वाचाव्यात, पण तिच्याशेजारी पक्ष्यांचे एखादे पुस्तकही ठेवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांस विचारून, त्यांच्या लहानपणी अंगणात, परसात, तळ्याकाठी कोणते पक्षी येत, त्यांची यादी त्यांनी सांगितलेल्या मराठी नावांनिशी करावी. मग मुलांना घेऊन एक सकाळ बाहेर बसावे, आणि दिसलेल्या पक्ष्यांपुढे खूण करावी.

ज्या नावांपुढे खूण होणार नाही, तपास तेथून सुरू करावयाचा आहे.