बिघाड शोधणे हीही विद्याच

नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाताना रस्त्याच्या कडेला पेट्रोलवर चालणारी एखादी जुनी अँबेसेडर बंद पडली आहे, असे समजा. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण जपून वापरलेल्या काही गाड्या अजून आढळतात. त्याच वेळी एखाद्या शाळेत संगणकाचे बटण दाबूनही पडदा काळाच राहतो. एकीकडे गॅरेजातला मिस्त्री येईल, दुसरीकडे संगणक दुरुस्त करणारा. हे दोन निराळे धंदे आहेत, असे आपण मानतो. माझ्या मते दोघांची विद्या एकच आहे.

मिस्त्री काय करतो ते पाहा. इंजिन चालण्यास इंधन, हवा आणि योग्य वेळी पडणारी ठिणगी लागते. तो प्लग काढून ठिणगी पाहतो. ती नसेल तर प्लगपासून मागे मागे कॉइल, पॉइंट आणि बॅटरीपर्यंत माग काढतो. संगणकाचा जाणकारही हेच करतो. वीज येते का? पंखा फिरतो का? हाच पडदा दुसऱ्या संगणकाला जोडला तर चालतो का? दोघेही एका वेळी एकच गोष्ट बदलतात आणि परिणाम पाहतात. प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय करतो?

बिघाडही सारखेच असतात. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट थर साचला आणि त्याचा रोध केवळ ०.०५ ओहम आहे, असे धरा. स्टार्टरने १०० अँपिअर प्रवाह ओढला, तर ओहमच्या नियमानुसार ५ व्होल्ट तेथेच खर्च होतात. १२ पैकी ७ उरले, तर गाडी कशी सुरू होणार? अशा वेळी नवी बॅटरी घेणे व्यर्थ. टर्मिनल घासून घट्ट बसवणे पुरते. संगणकातील रॅमच्या पट्टीवर मळ बसला, तरी संपर्क असाच तुटतो. वीज बंद करून ती पट्टी काढली आणि तिची टोके खोडरबराने हळुवार पुसली, की पुष्कळदा काम भागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा रेडिएटर चोंदला तर इंजिन तापते आणि पंख्यात धूळ साचली तर प्रोसेसर.

फरकही आहे. पॉइंटमधील फट मोजून नीट करता येते. चिपमधील कोट्यवधी ट्रान्झिस्टर कोणी सुटे करू शकत नाही. तेथे सुटा भाग बदलावाच लागतो. पण कोणता भाग बदलायचा, हे शोधल्याशिवाय कसे कळणार?

आपला भाग परीक्षेतील यशासाठी प्रसिद्ध आहे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले, नांदेडही मागे नाही. त्या मेहनतीचा मला आदर आहे. परंतु प्रश्नपत्रिकेतील गणितात हवी ती माहिती दिलेली असते आणि उत्तर नक्की असते. बंद पडलेले यंत्र यापैकी काहीच देत नाही. ज्या विद्यार्थ्याला ओहमचा नियम पाठ आहे, पण बंद टॉर्चमध्ये तो कोठे पाहावा हे सुचत नाही, त्याचे शिक्षण अर्धेच झाले.

‘परीक्षा तोंडावर असताना हे उद्योग कशाला?’ असे पालक विचारतील. महिन्यातून एक तास पुरे. शाळेने गावातील मिस्त्रीला सन्मानाने बोलवावे. शिक्षकांनी जुन्या संगणकात निरुपद्रवी बिघाड मुद्दाम करून ठेवावा आणि गुण उत्तराला नव्हे, तर शोधण्याच्या क्रमाला द्यावेत. मात्र संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा कोणीही उघडू नये. तार काढल्यावरही त्यात घातक विद्युतभार राहू शकतो.

ग्राहकाला दुरुस्तीचा हक्क मिळावा, यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली. हक्क कायद्याने मिळेल. दुरुस्ती करणारे हात मात्र आपल्यालाच घडवावे लागतील.