एका घरातल्या दोन वाटा
संशयातून श्रद्धेकडे जाणारी ख्रिस्ती वाट एकाच घरातही निरनिराळी असू शकते. कोकणात करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांना १८९३ मध्ये आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्याला दिलेल्या शब्दाखातर ते तो वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. तरी शंका फिटायला वेळ गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंचा प्रवास अधिक खडतर, आणि म्हणूनच अधिक मोलाचा. पतीच्या बाप्तिस्म्याने आकांत झाला, ताटातूट झाली. पुढे पतीकडे परतल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही, पाणी आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला. जातिभेद माणसांनीच निर्माण केला, हे मनोमन पटल्यावर त्यांनी विटाळ मानणे थांबवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.