कलम 482 आणि यंत्राची आठवण

चॅटजीपीटीसारख्या भाषा-प्रारूपांबद्दल एक मत सर्रास ऐकू येतं: आत माहितीची नोंदवही आहे, जुनी ओळ खोडा, नवी लिहा, काम झालं. हे मत चुकीचं आहे, आणि दिंडोशीच्या सत्र न्यायालयासारख्या ठिकाणी ते घातकही ठरेल.

इथे अटकपूर्व जामिनाचे अर्ज वर्षानुवर्षं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 438 खाली होत. 1 जुलै 2024 ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ही तरतूद कलम 482 मध्ये गेली. जुन्या संहितेत 482 म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. गुन्हा रद्द करून घ्यायला वकील तेच लावत. ते अधिकार आता कलम 528 मध्ये आहेत. राजपत्रात हा बदल एका तारखेचा. प्रारूपात मात्र खोडायला अशी ओळच नसते. अर्ध्या शतकाचे निकाल वाचून ‘482’ आणि ‘गुन्हा रद्द’ यांची गाठ अब्जावधी आकड्यांत पसरून बसलेली असते. कायदा बदलला म्हणून ते निकाल बदलत नाहीत.

संशोधकांनी एकेक तथ्य बदलून दाखवलंय, हे खरं. 2022 मध्ये केव्हिन मेंग, डेव्हिड बाउ आणि सहकाऱ्यांनी मधल्या थरातले आकडे बदलून आयफेल टॉवर रोममध्ये असल्याचं प्रारूपाकडून वदवलं. पण अशा दुरुस्तीवर अवलंबून असलेल्या बाकीच्या गोष्टी आपोआप बदलत नाहीत, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. शिवाय खोडणं इथे मुळातच चूक. 30 जून 2024 ला झालेला खून आजही भारतीय दंड विधानाच्या 302 खालीच चालतो. दुसऱ्या दिवशीचा, नव्या भारतीय न्याय संहितेच्या 103 खाली. जुनं ज्ञान ठेवायचंच आहे, फक्त ते कुठल्या तारखेपर्यंतचं हे कळायला हवं.

‘त्याला काहीच ठाऊक नसतं, नुसता पुढचा शब्द जुळवतं,’ हे दुसरं टोकही मला मान्य नाही. आत काहीच नसतं, तर मेंग यांनी बदललं काय?

माझं म्हणणं असं: भाषेची जाण प्रारूपाची घ्यावी, कायद्याचा मजकूर त्याच्या आठवणीतून घेऊ नये. चालू संहितेचं कलम आणि गुन्ह्याची तारीख प्रश्नासोबतच द्यावी, उत्तर त्यातूनच काढायला लावावं. तरीही प्रारूप जुन्या सवयीने घसरू शकतं. जामिनाच्या अर्जातली चूक दुरुस्त होईपर्यंत अशिलाला अटक होऊ शकते. म्हणून सही करणाऱ्या वकिलाने ते कलम स्वतः उघडून वाचलंच पाहिजे.