कॉम्प्रेसर बदलण्याआधी तीन आकडे

मे महिन्यात बडोद्यात एसी बंद पडला की मेकॅनिक बाहेरच्या युनिटला कान लावतो आणि सांगतो, "कॉम्प्रेसर खलास, साहेब." घरात आई-बाबा दोघंच असतात. मुलगा किंवा मुलगी पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि फोनवर उत्तर ठरलेलं असतं : "बाबा, बदलून टाका, उन्हात बसू नका." काळजी खरीच असते, पण कॉम्प्रेसर, गॅस, वेल्डिंग, मजुरी असं सगळं मिळून बिल मोठं होतं. म्हणून फोनवर "हो" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा : मीटर लावला का? लावला असेल तर आकडे सांगा.

साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये सिंगल-फेज मोटर असते. ती लोखंडी डब्यात कायमची बंद केलेली, त्यामुळे उघडून बघायची सोय नाही. बाहेर येतात फक्त तीन टर्मिनल : सी म्हणजे कॉमन, आर म्हणजे रनिंग आणि एस म्हणजे स्टार्टिंग. वायर काढून मल्टिमीटरवर दोन-दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजायचा. सी-आर सर्वांत कमी येतो, सी-एस त्याहून जास्त आणि आर-एस म्हणजे त्या दोघांची बेरीज. समजा, सी-आर २ ओहम आणि सी-एस ३.५ ओहम आला, तर आर-एस ५.५ च्या आसपास यायला हवा. (आम्ही सॉफ्टवेअरवाले याला चेकसम म्हणू.) आकडे इतके लहान असतात की मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून वायरचा स्वतःचा रेझिस्टन्स आधी बघावा आणि तो वजा करावा.

खरी गंमत पुढे आहे. गेल्या उन्हाळ्यात आत्याच्या दीड टनाच्या एसीलाही "खलास" हाच निकाल मिळाला होता. मी मेकॅनिकभाईंना तिन्ही आकडे मोजायला सांगितले. सी-आर ओपन, सी-एस ओपन, पण आर-एस ५ ओहमच्या वर. आता विचार करा : आर-एस मोजताना करंट दोन्ही वाइंडिंगमधून जातो. तो आकडा नीट येतोय म्हणजे दोन्ही वाइंडिंग शाबूत आहेत, रस्ता तुटलाय तो फक्त कॉमनकडचा. तिथे काय असतं? ओव्हरलोड. मोटर फार तापली की हा छोटा स्विच आपोआप उघडतो आणि थंड झाली की पुन्हा जोडला जातो. काही कॉम्प्रेसरमध्ये तो बाहेर, टर्मिनलच्या झाकणाखाली असतो, तर काहींमध्ये आत. आतला असेल तर थांबण्याशिवाय इलाज नाही, आणि जाड लोखंडाचा तो डबा थंड व्हायला तास-दोन तासही लागतात. आत्याकडे संध्याकाळी पुन्हा मोजलं तेव्हा तिन्ही आकडे आले, बेरीजही जुळली.

मग मोटर तापली कशाने? बहुतेक वेळा संशयित नंबर एक असतो कपॅसिटर. तो अशक्त झाला की मोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. ती जागच्या जागी घुं-घुं करते, नेहमीच्या कित्येक पट करंट खेचते आणि काही सेकंदांत ओव्हरलोड उडतो. आत्याच्या कपॅसिटरवर ४५ मायक्रोफॅरॅड छापलेलं होतं, मीटरवर भरले २९. साधारण पाच-सहा टक्के कमी-जास्त चालतं, एवढं नाही. कपॅसिटर बदलला, एसी सुरू झाला. मात्र नवा कपॅसिटर लावूनही मोटर अडत असेल तर व्होल्टेज तपासायचं, आणि तेही ठीक असेल तर पंप आतून जाम झालाय असं समजायचं. वाइंडिंगचे आकडे ते सांगत नाहीत.

हे वाचून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गॅलरीत जाऊ नका. मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तो रेझिस्टरमधून उतरवायचा असतो. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणं ही वाईट सवय आहे. टर्मिनलचं झाकण काढलेलं असताना सप्लाय तर अजिबात द्यायचा नाही. कमकुवत टर्मिनल उडालं तर गरम तेल आणि गॅस थेट तोंडावर येतो, आणि आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो. मोजायचं काम मेकॅनिकचं. आपलं काम आकडे विचारण्याचं.

इन्व्हर्टर एसीत यू, व्ही, डब्ल्यू अशी तीन टर्मिनल असतात आणि तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे यावे लागतात. तिथे बेरजेचा नियम लावू नका. हे आकडे सारखे असतील तर दोष बऱ्याचदा पीसीबीत सापडतो.

आणि कॉम्प्रेसर खरंच गेलाय हे कसं कळतं? आर-एससुद्धा ओपन आला, किंवा टर्मिनल आणि तांब्याचा पाइप यांच्यात मीटरने रेझिस्टन्स दाखवला, तर वाद संपला. पाइपवरचा रंग खरवडून पिन टेकवायची. साध्या मीटरवर काहीच दिसत नसेल आणि तरी एमसीबी पडत असेल, तर ५०० व्होल्टचा मेगर लावायला सांगा. वाइंडिंग जळलेलं निघालं तर तेलात ॲसिड तयार झालेलं असतं. अशा वेळी लाइन साफ न करता आणि फिल्टर ड्रायर न बदलता बसवलेला नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. त्यामुळे कोटेशनमध्ये या दोन गोष्टी लिहिल्यात का, ते बघूनच बाबांना "हो" सांगा.