परीक्षा नको, उमेदवारी हवी

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मराठी आर्किटेक्ट मुलंमुली शोधायला फार फिरावं लागत नाही. केऑनिक्स या कर्नाटकच्या सरकारी कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर ही वसाहत वसवली ती इलेक्ट्रॉनिक्ससाठी, पुढे सॉफ्टवेअर आलं, आणि आता सातासमुद्रापार उभ्या राहणाऱ्या इमारतींची रेखाटनंही इथे तयार होतात. कोल्हापूरचा किंवा बेळगावचा एखादा तरुण दिवसभर टेक्सासमधल्या शाळेचं मॉडेल करत असतो. व्हीलचेअर वळायला ६० इंचांचं वर्तुळ लागतं हे त्याला पाठ असतं. कमोडची मध्यरेषा बाजूच्या भिंतीपासून १६ ते १८ इंचांवर हवी. १५ दिसले की त्याची लाल खूण पडलीच. त्यालाच विचारा, गावाकडच्या वडिलांच्या प्लॉटवर बाजूला किती जागा सोडावी लागेल? तो म्हणतो, ‘आमचे कॉन्ट्रॅक्टरकाका बघतात ते.’ आणि या मुलाकडे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक असतो.

त्याला हसण्यात अर्थ नाही. प्रश्न हा की त्याला तयार करण्याची जबाबदारी कोणाची होती. यावर तीन मतं ठासून मांडली जातात आणि तिन्ही मला अमान्य आहेत.

पहिलं मत आळशी, म्हणून सर्वांत लोकप्रिय. आपल्याकडे १९७२चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. मान्यताप्राप्त पदवी घ्या, फॉर्म आणि फी भरा, नोंदणी मिळते. मग वेगळी तयारी कसली? मध्ये चाळण नाही हे खरं, आणि नेमकी म्हणूनच तयारी हवी. बेंगळुरूत २०२४ साली ‘नंबिके नक्षे’ योजना आली. ५० बाय ८० फुटांपर्यंतच्या भूखंडावर चार घरांपर्यंतची निवासी इमारत असेल, तर नोंदणीकृत आर्किटेक्टच्या किंवा इंजिनिअरच्या भरवशावर नकाशाला तात्पुरती मंजुरी मिळते, पडताळणी नंतर. महाराष्ट्रातही एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने १५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडांसाठी असाच रस्ता मोकळा केला. म्हणजे सरकार टेबलावरून उठतंय आणि त्या खुर्चीत आर्किटेक्टची सही बसतेय. पूर्वी नवख्याची चूक पालिकेचा इंजिनिअर निदान त्रुटी काढून पकडायचा. आता ती चूक थेट पायात जाते.

शिवाय नोंदणी म्हणजे कामाची हमी, हाही भ्रमच. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं की कायदा ‘आर्किटेक्ट’ या उपाधीला संरक्षण देतो; इमारतीचा आराखडा करण्याचं काम इतरांना बंद करत नाही. सिव्हिल इंजिनिअर घर काढू शकतो, काढतोही. तेव्हा गिऱ्हाइकाने आपल्याकडे का यावं, याचं उत्तर नोंदणीच्या कागदावर मिळणार नाही.

दुसरं मत जास्त शहाणं वाटतं: मग अमेरिकेसारखी परीक्षा घ्या. तिथली परीक्षा सहा भागांची आहे हे सगळे सांगतात. तिच्या जोडीला अनुभवाचे ३,७४० तास नोंदवावे लागतात, ते मात्र घाईत सांगायचं राहतं. हे तास कुठेही भरून चालत नाहीत. रेखाटनं आणि तपशील यांच्या खात्यात १,५२०, बांधकामाच्या देखरेखीला ३६०, ऑफिस चालवण्याच्या व्यवहाराला १६०, अशी वाटणी ठरलेली आहे, आणि देखरेख करणाऱ्याच्या मान्यतेशिवाय तास धरले जात नाहीत. आपल्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तरुणाने दहा वर्षं राबून त्यातलं पहिलं खातं दहादा भरलं असतं. बांधकामाचं खातं कोरंच राहिलं असतं. अमेरिकेतून तास सोडून नुसती परीक्षा आणली, तर उद्या पुण्याच्या कर्वे रोडवर आणि इथे होसूर रोडवर क्लासच्या पाट्या तेवढ्या वाढतील. २००६ साली आर्किटेक्चरच्या प्रवेशाची ‘नाटा’ परीक्षा आली तेव्हा तिचे क्लास आलेच होते. वकिलांचं उदाहरण तर घरातलंच आहे. २०११ पासून त्यांना बार काउन्सिलची परीक्षा आहे. बरीच वर्षं ती पुस्तकं उघडी ठेवून देता येत होती. त्या परीक्षेमुळे दावा नीट लिहिता येऊ लागला असं सांगणारा वकील मला अजून भेटलेला नाही. जे वकील शिकले, ते सीनिअरच्या चेंबरमध्ये शिकले.

तिसरं मत प्राध्यापकांचं, आणि त्याला उंची आहे. ‘कॉलेज म्हणजे रोजगार हमी योजना नव्हे, आम्ही विचार करायला शिकवतो.’ शिकवा की! पण धंद्याचं शिक्षण दिलं की विचार बाटतो, हा समज आपल्याच इतिहासाला धरून नाही. मुंबईच्या जे.जे.मध्ये १८९६ साली वास्तुकलेचा वर्ग सुरू झाला तो ऑफिसांना लागणारे ड्राफ्ट्समन घडवायला. पुढे तिथल्याच विद्यार्थ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली संघटना काढली, आणि ती वाढत वाढत १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. देशातल्या आर्किटेक्टांची ही संस्था व्यवसायाची काळजी करणाऱ्या पोरांनी उभी केली आहे. आज शेवटच्या वर्षी ‘प्रोफेशनल प्रॅक्टिस’ हा विषय जुन्या नोट्स वाचून उरकला जातो, ही विचाराची उंची म्हणायची का?

मग करायचं काय? नवं काही लागत नाही. ट्रेनिंगचं सेमिस्टर अभ्यासक्रमात आहेच. त्याला उमेदवारीचं रूप द्यायचं. सध्या बहुतेक ठिकाणी ट्रेनी म्हणजे थ्रीडी करणारा स्वस्तातला हात. सहा महिने दर्शनी बाजूंचे रंग बदलायचे आणि शेवटी ‘काम समाधानकारक’ असा लेटरहेडवरचा कागद घ्यायचा. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये इतका सैलपणा खपत नाही.

उमेदवारीची वही हवी आणि तिच्यात खाती हवीत. एक खातं साइटचं. स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी ट्रेनीने शटरिंगवर चढावं. सळया थेट फळीवर टेकल्या आहेत, २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक गोणीत तसेच पडले आहेत, आणि मुकादम म्हणतो आहे, ‘ओतताना उचलून घेऊ, साहेब.’ त्या क्षणी काय बोलायचं, कोणाला फोन करायचा, काम थांबवायचं तर लेखी कसं थांबवायचं, हे कुठल्याही जुरीत शिकवत नाहीत. ती सळई पुढच्या पावसाळ्यांत गंजते आणि सही कोणाची होती ते तेव्हा निघतं. दुसरं खातं सरकारदरबारचं: एक फाइल दाखल करण्यापासून त्रुटीपत्राला उत्तर देऊन भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत. तिसरं पैशाचं. मालकाला फीचं पत्र कसं लिहावं, कॉन्ट्रॅक्टरचं रनिंग बिल मोजमापाशी कसं ताडावं. आपल्या मुलांना फी मागायची लाज वाटते; पाच वर्षांत कोणी मागताना दाखवलेलंच नसतं.

एक आक्षेप रास्त आहे. सगळं एका ऑफिसात मिळत नाही. सांगलीतल्या दोन माणसांच्या ऑफिसात साइट रोजची, पण तपशिलाची रेखाटनं कॉन्ट्रॅक्टरच्या समजुतीवर सोडलेली. इलेक्ट्रॉनिक सिटीत तपशील चोख, पण सिमेंटचा वास नाही. त्यावर उपाय सेमिस्टर दोघांत वाटण्याचा. इथली कामं म्हणजे ‘आर्किटेक्चर सोडलेल्यांची’, असं नाक मुरडणाऱ्यांनी एकदा इथला दारं-खिडक्यांचा तक्ता पाहावा. त्या शिस्तीचा निम्मा वाटा आपल्या गावांतल्या इमारतींना मिळाला तरी भरपूर होईल. नुसत्या मॉडेलवर ट्रेनिंग पुरं झालं असं मात्र धरू नये. साइटचं खातं रिकामं असेल तर सेमिस्टर अपुरंच.

आणि हे कायद्यात बसतं. पदवीनंतर परीक्षेची नवी अट घालायची तर नोंदणीच्या कलम १७ला हात लावावा लागेल, म्हणजे संसद आली. शिक्षणाचे किमान निकष ठरवण्याचा अधिकार मात्र कलम २१ने काउन्सिलला आजच दिलेला आहे. केंद्र सरकारच्या मंजुरीने नियम दुरुस्त करून वही सक्तीची करता येईल.

तोवर, ट्रेनिंगला निघालेल्यांनो, ऑफिस निवडताना स्टायपेंडच्या आधी दोन गोष्टी विचारा: मला साइटवर कोण नेणार, आणि माझ्या वहीवर दर आठवड्याला सही कोण करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर पोर्टफोलिओ उचला आणि पुढच्या ऑफिसची पायरी चढा.